घसरून पडलेल्या माणसाला टेम्पोने उडवलं असं दाखवता येईल का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चुलत भाऊ रात्री मोटारसायकलवरून घरी येत होता, कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला, साडेतीन लाखांच्या आसपास खर्च झाला. आता ओळखीतला एक गृहस्थ म्हणतो, ‘माझ्याकडे टेम्पो आहे, त्याचा इन्शुरन्स चालू आहे, ड्रायव्हर तयार आहे. टेम्पोने उडवलं अशी फिर्याद देऊ, क्लेम टाकू, निम्मे तुमचे निम्मे आमचे.’ घरात दोन मतं पडली आहेत. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हे एवढं सर्रास चालत असेल तर कुणी थांबवत का नाही.

पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: करू नका. उद्या सकाळी त्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगा. दुसऱ्या भागाला मात्र वेळ लागेल. मी गेली २६ वर्षं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वकिली करते आहे. त्यातली बहुतेक वर्षं विमा कंपनीच्या वकिलांच्या पॅनलवर होते, नंतर जखमी आणि मृतांच्या कुटुंबांकडून उभी राहू लागले. त्यामुळे खोटा दावा दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवरून पाहिला आहे.

एक केस सांगते. नावगाव सांगत नाही. अर्जदार गवंडी होता, वय तिशीच्या आत. २०१९ चा अपघात. एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली होती आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दावा असा की दुपारी चार वाजता मागून आलेल्या टेम्पोने धडक दिली. फिर्याद अपघातानंतर ४१ दिवसांनी. टेम्पो जप्त, पंचनामा झालेला, ड्रायव्हरवर चार्जशीट दाखल. वरवर पाहता कागद पूर्ण. मी तेव्हा विमा कंपनीकडून होते. मला फक्त एक गोष्ट खटकली: मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालात टेम्पोच्या पुढच्या भागावर ओरखडासुद्धा नव्हता. मी ग्रामीण रुग्णालयाचं कॅज्युअल्टी रजिस्टर मागवायचा अर्ज दिला.

रजिस्टर घेऊन तिथले लिपिक साक्षीला आले. कापडी पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर, कडा तेलकट झालेल्या. त्यांनी बोट फिरवत तारीख काढली. वेळ रात्री ९.५०. नाव बरोबर, गाव बरोबर, वय बरोबर. पुढे इजा कशी झाली हे सांगणारा रकाना. निळ्या बॉलपेनने ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की मोटारसायकल घसरून पडला, सोबत मेहुणा. हे वाक्य त्यांनी कुणाच्या फायद्यातोट्यासाठी लिहिलं नव्हतं. समोर रक्ताने माखलेला माणूस होता, त्यांनी विचारलं काय झालं, मेहुण्याने खरं ते सांगितलं. त्या रात्री टेम्पो अजून कुणाच्या डोक्यातही आला नव्हता.

दावा फेटाळला गेला. मला खरा धक्का बसला तो त्यानंतर. बाहेर व्हरांड्यात त्या गवंड्याने पिशवीतून कागद काढून मला विचारलं, ‘मॅडम, ह्याचं काही होतं का?’ ती त्याच्या स्वतःच्या मोटारसायकलची पॉलिसी होती. त्यात मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण होतं, १५ लाखांचं. एक डोळा गेला तर त्यात रकमेच्या ५० टक्के मिळतात. म्हणजे साडेसात लाख रुपये त्याचे हक्काचे होते. त्यासाठी टेम्पो लागत नव्हता, साक्षीदार लागत नव्हते, निष्काळजीपणा कुणाचा ते सिद्ध करावं लागत नव्हतं. लायसन्स होतं, गाडी त्याच्या नावावर होती. पण ज्याने हा टेम्पोचा दावा उभा केला त्या एजंटला त्या साडेसात लाखांत रस नव्हता, कारण ते मिळवायला एजंट लागत नाही. मी त्याला दुसऱ्या वकिलाकडे पाठवलं. तीन वर्षं उलटली होती. कंपनीने उशीर दाखवला आणि जोडीला त्याचंच न्यायाधिकरणातलं शपथपत्र दाखवलं, ज्यात त्याने अपघाताची वेगळीच हकीकत शपथेवर सांगितली होती. शेवटी त्याला काही मिळालं की नाही हे मला आजही माहीत नाही. ती केस मी जिंकले होते. पॅनल सोडायचा विचार त्या संध्याकाळी पहिल्यांदा डोक्यात आला.

म्हणून तुमच्या भावाचं आधी बघा. गाडी कुणाच्या नावावर आहे? पॉलिसीत ‘पीए ओनर ड्रायव्हर’ हा रकाना भरलेला आहे का, की वेगळी पॉलिसी आहे? मात्र खरं ते सांगते: हे संरक्षण मृत्यू, अवयव किंवा डोळा जाणं, कायमचं पूर्ण अपंगत्व यांसाठी आहे. नुसत्या मांडीच्या फ्रॅक्चरला त्यातून काही मिळत नाही. बँक खात्याला वर्षाला २० रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा जोडलेला असतो, त्याचंही तसंच. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे, ती मृत्यूला आणि अवयव गमावण्याला. दवाखान्याच्या खर्चासाठी मेडिक्लेम, कंपनीत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा), नाहीतर महात्मा फुले जनआरोग्य योजना. पण ती दाखल असतानाच लागते, बिल भरून घरी आल्यावर नाही. २०२५ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. तीही त्या वेळीच वापरायची असते. पुढे कुणावर वेळ आली तर दवाखान्याच्या दारातच हे विचारा.

हे सगळं जोडूनही भावाच्या साडेतीन लाखांतले फार थोडे परत येतील, हे मला कळतं. आणि नेमक्या याच भगदाडातून एजंट आत शिरतो. दुसऱ्या गाडीच्या चुकीने लागलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली लाखांनी भरपाई. ठोकून पळालेली गाडी सापडली नाही तर कलम १६१ खाली गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख. हे आकडेसुद्धा एप्रिल २०२२ पासूनचे, त्याआधी साडेबारा हजार आणि पंचवीस हजार होते. स्वतः घसरून पडलात तर त्या कलमांतून काहीच नाही. दुसऱ्याची गाडी मागून नेलेली असली तरी तुम्ही मालकाच्याच जागी उभे राहता, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एका बैलगाडीला धडकलेल्या मोटारसायकलस्वाराच्या प्रकरणात सांगितलं आहे. मोडलेलं हाड तेच, ऑपरेशन तेच, घरी बसलेले महिने तेवढेच. फरक एवढाच की समोर विमा असलेली गाडी होती की नव्हती. अपघातात नसलेली गाडी दाव्यात घालण्याला आमच्या भाषेत ‘गाडी बसवणं’ म्हणतात. या धंद्यातले निम्मे लोक मुळात लबाड नसतात, त्यांना खरंच लागलेलं असतं. त्यांचा अपघात कायद्याच्या चौकटीत बसत नाही, आणि कुणीतरी येऊन बसवून देतो म्हणतो. माझं ठाम मत आहे की पळून गेलेल्या गाडीच्या आणि स्वतः पडलेल्यांच्या भरपाईची रक्कम माणसाला जगता येईल इतकी केली तर बसवलेल्या गाड्यांचा बाजार निम्म्याने आपोआप उठेल. नुसता बडगा उगारून तो उठणार नाही.

आता बडगा. उत्तर प्रदेशात अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमलं गेलं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये तिथे जो अहवाल आला तो आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. विमा कंपन्यांकडून १,३७६ संशयित दावे पथकाकडे आले होते. त्यांपैकी २४६ ची चौकशी पूर्ण झाली होती आणि तेवढ्यातच १६६ जण प्रथमदर्शनी दोषी दिसले. त्यात अर्जदार होते तसे वकील, पोलीस, डॉक्टर, गाडीमालक, ड्रायव्हर आणि विमा कंपन्यांचे स्वतःचे कर्मचारीही होते. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने त्या राज्यातल्या २८ वकिलांची सनद निलंबित केली, तेही त्या राज्याच्या कौन्सिलने वेळेवर म्हणणं मांडलं नाही म्हणून न्यायालयाने फटकारल्यानंतर.

ही यादी पाहिलीत तर एक गोष्ट लक्षात येईल. खोटा दावा एकट्याला करताच येत नाही. फिर्याद उशिरा घेणारा हवालदार लागतो, घरबसल्या पंचनामा करणारे पंच लागतात, गुन्हा कबूल करून किरकोळ दंड भरणारा ड्रायव्हर लागतो, अपंगत्वाची टक्केवारी वाढवून देणारा डॉक्टर लागतो, फाइल न वाचता सही करणारा कंपनीचा तपासनीस लागतो आणि हे सगळं माहीत असून वकालतनामा दाखल करणारा माझ्यासारखा कुणीतरी लागतो. आणि प्रत्यक्षात कठड्यात उभा राहतो तो फक्त तुमचा भाऊ. बाकी सगळ्यांचे पैसे आधी निघालेले असतात. वकिलाने निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवणं हेसुद्धा आमच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही, त्यामुळे ‘निम्मे निम्मे’ म्हणणाऱ्याकडे तुम्हाला दाखवता येईल असा एकही कागद नसेल.

भारतीय न्याय संहितेत न्यायालयात खोटा दावा करणं हा कलम २४६ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. न्यायिक कामात खोटा पुरावा देण्याला कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत. फसवणुकीचं कलम वेगळं. पण कागदावर कलम असणं आणि ते लागणं यात मोठं अंतर आहे. खोट्या साक्षीसाठी न्यायाधिकरणाने स्वतः चौकशी करून दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागते. समोर शेकडो प्रलंबित दावे असताना हे जास्तीचं काम कुणी अंगावर घेत नाही. दावा फेटाळला की प्रकरण संपलं. म्हणजे खोटं बोलणाऱ्याचं नुकसान किती? मिळालं तर लाखो, नाही मिळालं तर शून्य. इंग्लंडमध्ये नेमका हाच प्रश्न आला होता. एका कामगाराने खऱ्या जखमेवर आठ लाख पौंडांहून जास्त मागितले, गुप्तपणे केलेल्या चित्रीकरणात तो धडधाकट दिसला, तरी २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा खरा तेवढा, सुमारे ८८ हजारांचा, भाग राहू दिला. मग २०१५ च्या कायद्याने सांगितलं की दावेदार मुळातच अप्रामाणिक ठरला तर दाव्याचा खरा भागसुद्धा जाईल, फार मोठा अन्याय होत असेल तरच अपवाद. मला तो नियम आपल्याकडे जसाच्या तसा नको वाटतो. आपल्याकडे खोट्या मजकुरावर अंगठा उठवणाऱ्याने तो मजकूर वाचलेला असतोच असं नाही. पण ज्या वकिलाने आणि डॉक्टरने तो तयार केला, त्यांच्यावर तक्रार करणं न्यायाधिकरणाला बंधनकारक असावं.

आपल्याकडे एक मोठं हत्यार मात्र आहे, आणि ते फारसं वापरलं जात नाही. २००० साली युनायटेड इंडिया इन्शुरन्सच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवाडा लबाडीने मिळवल्याचं नंतर उघड झालं तर न्यायाधिकरण तो परत घेऊ शकतं. तेव्हा पैसे हातात पडले म्हणजे सुटलो, असं समजू नका.

बसवलेल्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात दिसतो तो फुगवलेला दावा. अपघात खरा, गाडी खरी, फक्त आकडे खोटे. हे किती सोपं आहे ते पाहा. ३२ वर्षांचा मजूर, महिन्याला १५ हजार. वर्षाचे १ लाख ८० हजार, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २ लाख ५२ हजार, या वयाचा गुणक (वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा) १६, म्हणजे ४० लाख ३२ हजार. आता कमावण्याची क्षमता १० टक्के कमी झाली असं ठरलं तर ४ लाख ३ हजार २००. ४० टक्के ठरली तर १६ लाख १२ हजार ८००. एका ओळीत १२ लाखांचा फरक, आणि ती ओळ लिहिणारा डॉक्टर कित्येकदा असा असतो ज्याने त्या माणसावर एक दिवसही उपचार केलेले नसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात हे नाव घेतल्यासारखं स्पष्ट सांगितलंय: उपचार न करता तयार दाखले वाटणाऱ्या डॉक्टरांपासून सावध राहा, एका पायाचं ४५ टक्के अपंगत्व म्हणजे अख्ख्या शरीराचं ४५ टक्के नव्हे, आणि कमाईवर परिणाम किती हे त्या माणसाच्या कामावरून ठरवा. शंका आली तर वैद्यकीय मंडळाकडे पाठवायचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. मी आज अर्जदारांकडून असले तरी स्वतःच हा अर्ज देते. माझ्या अशिलाला खरंच २० टक्के असतील तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळाचा दाखला उलटतपासणीत हलत नाही. विकत घेतलेला ४० टक्क्यांचा दाखला पहिल्या तीन प्रश्नांत कोसळतो आणि सोबत खरे २० टक्केही घेऊन जातो.

मग हे थांबेल कशाने? माझा सगळा भरवसा पहिल्या ४८ तासांवर आहे. एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय नियमांत पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, फोटो, नकाशा, गाडीची तपासणी, लायसन्स, पॉलिसी सगळं पडताळून. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे देशभर पाळायला सांगितलं आणि पोलीस ठाण्यांत त्यासाठी स्वतंत्र पथकं नेमायला सांगितली. ४१ दिवसांनी उगवणारा टेम्पो या व्यवस्थेत शिरूच शकत नाही, कारण दुसऱ्याच दिवशी ‘स्वतः घसरला’ असा अहवाल गेलेला असतो. ज्या ठाण्यांत हे अहवाल वेळेवर येतात तिथल्या केसेसचा वासच वेगळा असतो. जिथे अहवाल दावा दाखल झाल्यावर मागाहून जोडले जातात, तिथे ही व्यवस्था असून नसल्यासारखी.

विमा कंपन्यांनाही मला काही सांगायचं आहे, त्यांच्या पॅनलवर वर्षानुवर्षं बसले म्हणूनच. प्रत्येक कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, ‘दावा खोटा व बनावट आहे’ हे छापील वाक्य घालू नका. शंभरातल्या शंभर दाव्यांत तेच वाक्य आलं की न्यायाधीश ते वाचणं सोडून देतात, आणि जिथे खरंच बनावट आहे तिथे तुमचा शब्द चालत नाही. तपासनीस दोन वर्षांनी पाठवू नका. पहिल्या महिन्यात कॅज्युअल्टीचे कागद, रुग्णवाहिकेची नोंद, त्या दिवशी ती गाडी कुठे होती याची टोलनाक्यावरची फास्टॅग नोंद मागवा. मालक आणि ड्रायव्हर गैरहजर राहिले किंवा अर्जदाराला फितूर दिसले तर कलम १७० खाली परवानगी घेऊन सर्व मुद्द्यांवर लढा. आणि ज्या दाव्याचा संशय आहे तो लोकअदालतीत ‘लढण्यापेक्षा स्वस्त’ म्हणून मिटवू नका. तसे मिटवलेले दावे एजंट पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो.

पैसे कुठे जातात यालाही महत्त्व आहे. भरपाईचा बराचसा भाग जखमीच्या किंवा वारसाच्या नावाने मुदतठेवीत, ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच घालून दिली. जिथे ती काटेकोर पाळली जाते तिथे एजंटचा हिस्सा काढायलाच रोकड उरत नाही.

एका गोष्टीची मात्र मला भीती वाटते. खोटे दावे रोखायचे म्हणून उशिरा आलेली प्रत्येक फिर्याद संशयास्पद ठरवायची, हा सोपा रस्ता आहे आणि तो चुकीचा आहे. ज्या बाईचा नवरा आयसीयूत आहे ती पहिले आठ दिवस पोलीस ठाण्यात जात नाही. ती औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन मेडिकल आणि वॉर्ड यांच्यात फिरत असते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं: नुसत्या उशिरावरून दावा फेटाळू नका, मजकूर तपासा, तो रचलेला आहे का ते पाहा. दिवस मोजणं सोपं असतं. रजिस्टर मागवून निळ्या शाईतली ती ओळ वाचायला कष्ट पडतात, पण खरा आणि खोटा तिथेच वेगळा होतो. आजही माझ्याकडे अशा बायका येतात ज्यांच्या खऱ्या केसमध्ये त्यांना आधी आपण खोट्या नाही हे सिद्ध करावं लागतं. त्यांच्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्यांनी त्यांच्यावर लादलेलं ते ओझं आहे.

तुमच्या भावाचे कागद एकदा मला बघायचे आहेत. विशेषतः गाडीची पॉलिसी, दोन्ही पानं, आणि पहिल्या दवाखान्याचा केसपेपर. ते रस्त्यावरचं कुत्रं होतं की रस्त्यावर ठेकेदाराने न भरलेला खड्डा होता, हेही त्याला नीट विचारा. त्या रात्री त्याने डॉक्टरांना काय सांगितलं होतं ते त्याच्याकडून ऐकून घ्या, आणि मग त्या केसपेपरवर तेच लिहिलंय का ते वाचा.